मीठ एकाच हाताचं

आचाऱ्याला स्वयंपाक चाखता येत नाही, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. आमच्याकडं लग्न असो, बारसं असो की भंडारा, आधी देवाला नैवेद्य जातो आणि मगच माणसाच्या जिभेला अन्न लागतं. त्याआधी कुणी चाखलं तर सगळं उष्टं झालं. म्हणजे बघा, आठशे माणसांची आमटी भट्टीवर उकळतेय, मांडवात बँडवाले सूर जुळवताहेत, आणि आमटीत मीठ बरोबर पडलंय की नाही हे कुणालाच ठाऊक नाही. ठाऊक असतं ते फक्त आचाऱ्याच्या मुठीला. मुरुम गावात राहून या मुठीच्या जोरावर मी चाळीस वर्षं लोकांना जेवू घातलं.

लोक मला मामा म्हणतात. आचाऱ्याला मामाच म्हणायची आपल्याकडं रीत आहे, त्यामुळं अर्ध्या जिल्ह्याला माझं नाव माहीत नाही आणि आमटी माहीत आहे. शिक्षण सातवी. आजवर हातानं लिहिल्या त्या फक्त सामानाच्या याद्या, त्यामुळं कुठं लिखाण यादीसारखं झालं तर सांभाळून घ्या.

तर मूठ. शंभर पानांच्या आमटीला माझ्या चार मुठी खडेमीठ. मूठ भरायची, अंगठा आत घ्यायचा, वर आलेले खडे मिठाच्या पिंपात झटकायचे आणि कढत्या आमटीवर हात गोल फिरवत सोडायचं. वजनकाटा मी कधी वापरला नाही. कुणी काट्याचं नाव काढलं की मला राग यायचा. मूठ कुणी मोजायची असते का?

पण मुठीपेक्षा मोठा आमचा एक नियम होता, तो म्हणजे मीठ एकाच हाताचं. हा नियम तेर गावी शिकलो. धंद्यात नवीन होतो, माझा मदतनीस निवृत्ती तेव्हापासून माझ्याबरोबर भट्टीवर. भंडाऱ्याचं काम होतं. मी मीठ टाकलं आणि चुलीला लाकडं कमी पडली म्हणून बघायला गेलो. निवृत्तीला वाटलं, मामा विसरले. त्यानं आपलेपणानं परत तेवढंच टाकलं. नैवेद्य झाल्यावर आमटी तोंडात घेतली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. कणकेचे गोळे सोडा, बटाटे सोडा, असं लोक सांगतात. गोळे खारट होतात आणि आमटी होती तशीच राहते. एकच इलाज असतो, पाणी आणि डाळ वाढवायची. त्या दिवशी तेरच्या लोकांना आमटी इतकी मिळाली की दुसऱ्या दिवशीही घरोघरी तीच होती.

त्या दिवसापासून ठरलं. मीठ मीच टाकणार. टाकलं की झाकणावर एक लाल मिरची ठेवणार. मिरची दिसली की त्या पातेल्याला मिठासाठी कुणी हात लावायचा नाही, आणि मिरची नसली तरी लावायचा नाही. हा नियम इतका कडक की एकदा मुरुमच्या एका व्यापाऱ्यानं हौसेनं स्वतःच्या हातानं चिमूटभर मीठ टाकायला हात पुढं केला, तर मी त्याचा हात धरला. नवरीचा बाप होता तो. पाहुणे बघत राहिले. तो बिचारा हसला म्हणून निभावलं.

आता खरी चूक सांगतो. हा नियम मी घरीही नेला.

माझी बायको सुमन. कामावर भाकरी करणाऱ्या बायकांची ती मुकादम, ओळीनं आठ तवे लागले तरी एकही भाकरी करपू देणार नाही. पण घरात तिनं भाजी शिजवायची, वरण शिजवायचं, आणि मीठ टाकायच्या वेळी मला हाक मारायची. "ओ, या की. मीठ टाकायचंय." मी बाहेरच्या ओट्यावरून उठून यायचो, मानकऱ्यासारखं मीठ टाकायचो आणि परत जायचो. सुरुवातीला गंमत होती. मग ती रीत झाली. तीस वर्षं त्या बाईनं स्वतःच्या चुलीवरच्या भाजीत स्वतःच्या हातानं मीठ टाकलं नाही, आणि याचा मला अभिमान होता. आज लिहितानाही लाज वाटते.

मागच्या वर्षी जेठ महिन्यात सास्तूरला लग्न होतं. घर तात्यांचं. तात्या म्हणजे भूकंपानंतर नव्यानं वसलेल्या सास्तुरातलं जुनं खोड, भारदस्त शेतकरी, बोलणं तोंडावर. नातवाचं लग्न. येसराची आमटी हवी, असा त्यांचा हट्ट. येसूर म्हणजे ज्वारी, डाळ आणि मसाले खमंग भाजून दळलेलं पीठ. ते आमटीला लावलं की वास शिवेपर्यंत जातो. येसराच्या आमटीत माझा हात धरणारा या भागात कुणी नाही, हे मी नाही, लोक म्हणायचे.

नैवेद्य गेला. मी चव घेतली. जरा अळणी वाटली. मी प्रत्येक पातेल्यात दोन-दोन मुठी आणखी टाकल्या आणि पंगत बसवली.

लोकांनी पहिला भुरका मारला आणि पंगतीत पाण्याचे जग फिरायला लागले. माणसं भाकरी कोरडी खाऊ लागली. पोरांनी आमटीची वाटी बाजूला सरकवली. तात्या पंगतीत उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मामा, पाण्याचा टँकर मागवलाच हाय, तर त्यो पंगतीत कशाला फिरवता? सरळ आमटीतच वता की!"

मांडव हसला. चाळीस वर्षांत माझ्यावर मांडव हसला नव्हता.

मी काय केलं असेल? निवृत्तीवर ओरडलो. वाढप्यांवर ओरडलो. मीठ नवीन कंपनीचं आहे, फार कडक आहे, असं म्हणालो. कुणी तरी दुसऱ्यांदा टाकलं, असाही आरोप केला. निवृत्ती खाली बघून पातेलं घासत राहिला. सुमन तव्यापुढून उठली, हात धुतले आणि म्हणाली, "चला, सामान गोळा करा."

पंधरा दिवसांनी सुमनचे पाय सुजले. सुजत आधीपासूनच होते, उन्हाळ्यात भट्टीपुढं बसून सुजतात असं आम्ही धरून चाललो होतो. डोकंही दुखायचं, ती चहा पिऊन झोपायची. पण या वेळी सकाळी चप्पल पायात शिरेना. मुरुमच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, हवा सोडली, परत बांधला. वरचा आकडा एकशे नव्वद. त्यांनी तिला आडवं व्हायला सांगितलं, रक्त घेतलं, लघवी तपासायला पाठवली.

रिपोर्ट आल्यावर त्यांनी मलाही आत बोलावलं. "मामा, मावशींच्या लघवीतून प्रथिनं जायला लागलीत. मूत्रपिंड म्हणजे चाळणी. दाब इतका वाढलाय की चाळणीला ताण पडतोय. आता सांभाळलं तर चाळणी वाचेल. नाही सांभाळलं, तर पुढं काय होतं ते तुम्ही गावात बघितलं असेल."

बघितलं होतं. आमच्या गल्लीतला एकजण आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जायचा. माणूस वर्षात अर्धा झाला होता.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि मान वर न करता विचारलं, "घरात मीठ कोण टाकतं?"

सुमननं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "ह्येच टाकतात."

"महिन्याला मिठाचे पुडे किती लागतात?"

"दोन. किलोकिलोचे," मी म्हणालो. म्हणालो म्हणजे, अभिमानानंच सांगितलं.

"घरात माणसं किती?"

"दोघंच."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी टेबलावरचा औषधाचा छोटा चमचा उचलला. "माणशी दिवसाला एवढं. पाच ग्रॅम. पापड, लोणचं, फरसाण सगळं त्यात धरून. एक किलोचा पुडा तुम्हा दोघांना तीन महिने पुरला पाहिजे. तुम्ही हजार माणसांचा अंदाज बांधता, मामा. हा दोन माणसांचा आहे."

त्यांनी सगळं साध्या भाषेत समजावलं. मीठ पाणी धरून ठेवतं. रक्तात पाणी वाढलं की नळ्यांवर दाब वाढतो, हृदयाला जोर लावावा लागतो, चाळणी झिजते, आणि मेंदूतली नळी तुंबली किंवा फुटली की लकवा. दुखत काहीच नाही, म्हणून कळत नाही. मी म्हटलं, मग सैंधव मीठ घेतो, ते तर उपवासाला चालतं. त्या म्हणाल्या, "रंग वेगळा, पण मीठच. आणि दुकानात कमी सोडियमचं म्हणून जे मिळतं तेही मला विचारल्याशिवाय आणायचं नाही, मूत्रपिंडाचा आजार असलेल्या माणसाला ते त्रास देऊ शकतं." मग म्हणाल्या, आता तुम्ही दंड द्या. माझाही दाब वाढलेला निघाला. मला काहीच होत नव्हतं, त्यामुळं मला तो यंत्राचा दोष वाटला.

बाहेर बाकड्यावर बसलो. मी म्हणालो, "सुमे, तुला कधी खारट लागलं न्हाय?"

"लागायचं की."

"कवापासून?"

"धा वर्सं तरी झाली."

"मग बोलली का न्हाईस?"

"मीठ तुमच्या हातचं. कसं बोलू?" ती पदराशी खेळत होती. मग सरळ बघून म्हणाली, "आन् सास्तूरला बी तुमचा हात चुकला न्हवता. मुठी बरोबर पडल्या व्हत्या, म्या बघत व्हते. निवदानंतर तुमी चव घेतली आन् आणखी टाकलं, तितं घोटाळा झाला. निवृत्तीभावजींना बी ठावं हाय. तुमाला सांगायला भितात ती."

हात बरोबर आणि जीभ चुकीची! मी हे ऐकूनच घेईना. घरी आल्यावर तिनं मला चुलीपुढं बसवलं. एकाच डाळीच्या तीन वाट्या केल्या. पहिलीत मीठ अगदी थोडं, दुसरीत बेताचं, तिसरीत भरपूर. डोळे मिटून चव सांगा म्हणाली. पहिल्या दोन मला सारख्याच लागल्या, दोन्ही पाणी. तिसरी चाखून मी म्हणालो, "ही जरा बरी हाय." डोळे उघडले तर सुमनच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं ती वाटी माझ्यापुढून उचलली आणि मोरीत ओतली.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. भट्टीपुढं घाम गळतो म्हणून आम्ही आचारी खडेमिठाचा खडा जिभेवर ठेवतो आणि वर तांब्याभर पाणी पितो. मी दिवसातून चार-पाच खडे चघळायचो. शिवाय जेवताना पानात मीठ, भाकरीवर खर्डा, त्यावर पापड. चाळीस वर्षांत जीभ बधिर झाली होती, आणि त्या बधिर जिभेच्या मापानं मी सास्तूरची पंगत बिघडवली होती आणि घरी माझ्या बायकोला जेवू घालत होतो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, जीभ परत येते. दीड-दोन महिने कळ काढावी लागते. पुढं चातुर्मास होता, लग्नं नव्हती. त्या दिवसापासून घरात मीठ सुमन टाकू लागली. मिठाची बरणी तिनं साड्यांच्या ट्रंकेत ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. पुढच्या महिन्यात मी जितका रागावलो तितका लग्नाच्या पहिल्या वर्षीही नसेन. भाजी मातीसारखी लागायची. वरण म्हणजे पिवळं पाणी. एकदा ताट सरकवून उठलो. सुमन शांतपणे जेवत राहिली. "भूक लागंल तवा या," एवढंच म्हणाली.

आणि मी चोरीही केली. बाजारात जायचो तेव्हा शेव-फरसाणाचा पुडा घेऊन बसस्टँडच्या बाकड्यावर बसून संपवायचो. ओळखीच्या हॉटेलात जाऊन भज्याबरोबर तळलेल्या मिरच्या मिठात बुडवून खायचो. महिन्यानं दवाखान्यात गेलो तर सुमनचा आकडा खाली आला होता आणि माझा होता तिथंच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मामा, बाहेर काही खाता?" मी म्हणालो, "छे." सुमननं पिशवीतून फरसाणाचे चार रिकामे पुडे काढून टेबलावर ठेवले. माझ्या शर्टाच्या खिशात सापडलेले. डॉक्टरीणबाई हसल्या, सुमन हसली नाही. रस्त्यानं एकच वाक्य बोलली, "तुमाला काय झालं तर म्या कुणासाठी मोजून टाकू?" त्यानंतर फरसाण सुटलं.

भादव्यात एका दुपारी सुमननं घोळाची भाजी केली. घोळ म्हणजे पावसाळ्यात रानात पसरणारी बारक्या पानांची, आंबटसर भाजी, आमच्याकडं डाळ घालून करतात. मी पहिला घास घेतला आणि थांबलो. दुसरा घेतला.

"सुमे, आज हात सैल सुटला वाटतं. मीठ जास्ती झालंय."

"कशात?"

"ह्याच्यात. भाजीत."

सुमननं हातातली भाकरी खाली ठेवली. "आवं, भाजीत म्या मीठ घातलंच न्हाय. घोळाचाच खारटपणा हाय त्यो. एक कण बी घातला न्हाय!"

मी परत घास घेतला. पाल्याचा स्वतःचा खारटपणा, डाळीची गोडी, लसणाचा जाळ, सगळं वेगवेगळं लागत होतं. लहानपणी आईच्या हातची अशी लागायची. म्हटलं, अजून वाढ. ती वाढताना हसत होती आणि मी जेवताना रडत होतो, आणि दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही. जीभ परत आली होती.

मग मात्र मी कामाला लागलो. आचारी आहे मी, पथ्याचं जेवण हा शब्द मला सहन होत नाही. कमी मिठाची आमटी लोकांनी मिटक्या मारत खाल्ली पाहिजे, नुसती गिळता कामा नये. येसूर जरा जास्त भाजून पाहिला. चिंच वाढवली, कारण आंबट असलं की मीठ कमी असल्याचं जिभेला कळत नाही. लसूण अर्धा फोडणीत आणि अर्धा कच्चा ठेचून शेवटी. मीठ आधी टाकायचं सोडलं. उतरवायच्या जरा आधी टाकलं की थोडंही पुरतं. चार मुठींच्या जागी अडीचवर आलो. सुमन चाखायची. "न्हाय, फिक्की." "न्हाय, चिंच वर येतीया." सोळा दिवस आम्ही रोज आमटी खाल्ली. सतराव्या दिवशी ती म्हणाली, "ही चालंल." तिच्या तोंडून याहून मोठी शाबासकी निघत नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि कळलं की तात्यांच्या नातीचं लग्न ठरलंय. आम्हाला कोण बोलावणार? मी आमटीचा डबा भरला, सुमनला मोटारसायकलवर मागं बसवलं आणि सास्तूर गाठलं. तात्या ओसरीवर बसले होते.

"या मामा. टँकर कुठं हाय?"

"टँकर नाही, डबा आणलाय. भाकरी असली तर मागवा."

तात्यांनी संशयानं वाटी तोंडाला लावली. मग भाकरी कुस्करली. दुसरी वाटी मागितली. ती संपल्यावर मी सांगितलं, की यात मागच्यापेक्षा निम्म्याहून कमी मीठ आहे. दवाखान्याचं, सुमनच्या चाळणीचं, तीन वाट्यांचं, सगळं सांगितलं. स्वतःची चूक स्वतःच्या तोंडानं सांगायला आयुष्यात पहिल्यांदा जमलं. तात्यांनी वाटी खाली ठेवली. म्हणाले, "माझा थोरला भाऊ लकव्यानं अंथरुणाला खिळला व्हता. सात वर्सं. त्याला बी पानात मीठ लागायचं, आन् आमी वाढायचो." मग कोरड्या आवाजात म्हणाले, "काम तुमचं."

माझी एक अट होती. पानात मीठ वाढायचं नाही. आपल्याकडं पंगतीत सगळ्यात आधी मीठ येतं, डाव्या हाताला चमचाभर ढीग, आणि माणूस सवयीनं ते आमटीत कालवतो. तात्या उसळले. "पानात मीठ न्हाय? त्यो मान हाय मामा. पाव्हणं म्हणतील, मीठ बी वाढलं न्हाय." त्यावर सुमन पहिल्यांदा बोलली. "मानाला ढीग कशाला पायजे, तात्या? एक खडा वाढू. मान बी ऱ्हाईल." तात्यांनी तिच्याकडं बघितलं आणि मान डोलावली.

लग्नाच्या दिवशी भट्टीवर मी, निवृत्ती आणि सात पातेली. मीठ टाकायची वेळ आली. सगळे माझ्या हाताकडं बघत होते. मी हात मागं घेतला आणि हाक मारली, "ओ, या की. मीठ टाकायचंय."

सुमन तव्यापुढून उठून आली. तिच्याकडं घरून काट्यावर मोजून आणलेलं एक स्टीलचं माप होतं, तोच काटा, ज्याच्या नावानं मला राग यायचा. तिनं ते भरलं, काठाला बोटानं सपाट केलं आणि आमटीवर गोल फिरवत सोडलं. सातही पातेल्यांत. नंतर झाकणांवर मिरच्या तिनंच ठेवल्या. निवृत्ती म्हणाला, "वैनी, आता निवांत. आता चुकायची मजाल न्हाय."

नैवेद्य गेला. मी पळीभर आमटी घेऊन चाखली. आणि खरं सांगतो, माझी उजवी मूठ आपोआप वळली. आठशे माणसं, मागचं हसू, तात्यांचा टँकर. एक मूठ. अर्धी तरी. पिंपाकडं बघितलं तर पिंपावर सुमन बसली होती, झाकण लावून, पदर खोचून.

"झालंय का गं?" मी विचारलं.

तिनं चव घेतली. "झालंय."

"नक्की?"

"झालंय म्हणलं न्हवं. पंगत बसवा."

पहिली पंगत बसली. वाढपी मिठाचा एक-एक खडा ठेवत गेला. काही लोक एकमेकांकडं बघून हसले. एकजण म्हणाला, "मीठ काय औषधासारखं वाढताय?" मग भात, मग भाजी, मग आमटी. मी खांबाला टेकून उभा होतो. मांडव शांत झाला. आचाऱ्याला दोन तऱ्हेची शांतता ओळखता येते, एक लोक चिडलेले असताना आणि एक लोक जेवत असताना. त्या शांततेत एकदम चार ठिकाणांहून आवाज आला, "आमटी! आमटी हिकडं!"

मग आवाज थांबेचनात. वाढपी बादल्या घेऊन पळत होते. पाण्याचे जग मात्र जिथल्या तिथं होते. तात्या दुसऱ्या पंगतीला बसले. तीन वेळा आमटी घेतली. तिसऱ्यांदा वाढप्याला थांबवलं आणि मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "मामा! टँकर परत पाठवा!"

मांडव परत हसला. या वेळी मीही हसलो, आणि निवृत्तीनं मला मिठी मारली. त्याचे हात आमटीचे होते, माझा पांढरा सदरा गेला तो गेलाच.

शेवटची पंगत उठल्यावर पत्रावळ्या गोळा करायला आम्ही सगळेच जातो. मी वाकलो आणि पहिली पत्रावळ उचलली. आमटीची वाटी पुसून घेतलेली. डाव्या बाजूला मिठाचा खडा होता तसाच. दुसरी उचलली, तिथंही खडा तसाच. ओळीच्या ओळी बघत गेलो. सगळीकडं नाही, काहींनी कालवला होता, पण पानांमागून पानं अशी होती की कुणाला मिठाची आठवणच झाली नव्हती. मी सुमनला बोलावलं. तिनं एक खडा उचलला, बघितला आणि पत्रावळीत परत ठेवला. "चला, भाकऱ्या उरल्यात, आपुन बी जेवू," म्हणाली.

पुढच्या आठवड्यात दवाखान्याची तारीख होती. सुमनचा आकडा वाजवी आला होता. पायांची सूज उतरली होती, नेहमीची चप्पल घालूनच ती आली होती. डॉक्टरीणबाईंनी लघवीचा रिपोर्ट दोनदा वाचला. प्रथिनं जायची थांबली होती. चाळणी वाचली होती. गोळ्या बंद करायच्या नाहीत, असं त्यांनी बजावलं, पण बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. माझाही दंड बघितला. तोही ठीक.

"पुडा किती दिवस पुरला?" त्यांनी विचारलं.

"श्रावणात फोडलेला. परवा संपला," सुमन म्हणाली.

"आणि घरात मीठ कोण टाकतं आता?"

सुमननं माझ्याकडं बघितलं. तीस वर्षांची सवय. पण या वेळी मी तिला बोलू दिलं नाही.

"घरात बी हीच टाकती, डॉक्टरीणबाई," मी म्हणालो, "आन् मांडवात बी."